इम्प्लांटभोवतीचे हाड: झीज कशी ओळखतात आणि पहिला एक्स-रे का जपून ठेवायचा



आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत गुडघे, साखर आणि रक्तदाब हे विषय नेहमीचेच. या वेळी मात्र गाडी दातांवर आली. निमित्त झाले आपल्यातल्याच एका काकांचे. सात वर्षांपूर्वी मुलीकडे पुण्याला मुक्कामाला असताना त्यांनी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतले. मग इंदूरला परत आले. दाढ दुखत नाही, हलत नाही, भाजलेले शेंगदाणेसुद्धा ते त्याच बाजूने खातात. मध्यंतरी दुसऱ्याच एका दाताच्या तक्रारीसाठी ते घराजवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि विचारले, "काका, इम्प्लांटभोवतीचे हाड थोडे खाली गेलेले दिसते. बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे आहे का तुमच्याकडे?"

तो नव्हता. पुण्याचा तो दवाखाना मधल्या काळात बंद झाला होता. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, किती लांबीचे, हेही काकांना ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी सरळ सांगितले, "आज हाड कमी आहे एवढे मला दिसते. ते पहिल्या वर्षीच कमी होऊन तिथे थांबले, की आता कमी होत चालले आहे, हे या एका एक्स-रेवरून नाही सांगता येणार."

बैठकीत हात वर करायला सांगितले, तर इम्प्लांट असलेले बरेच जण निघाले, आणि पहिला एक्स-रे घरी असलेले अगदी मोजके. आपल्याकडे हे साहजिकच आहे. मुले पुण्यात, बंगळूरला, कोणाची परदेशात. दात एका गावी बसतो आणि तपासणी दुसऱ्या गावी होते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा असे आम्ही ठरवले. पुढची माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायची नाही. डॉक्टर काय मोजतात, का मोजतात आणि त्यात आपला वाटा कोणता, हे कळावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इम्प्लांट हाडात टिकते कसे?

आपण ज्याला सरसकट इम्प्लांट म्हणतो त्याचे तीन भाग असतात. जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, त्यावर बसणारा जोड, ज्याला दवाखान्यात अबटमेंट म्हणतात, आणि सर्वांत वर आपल्याला दिसणारी कॅप. खरे इम्प्लांट म्हणजे हाडातला स्क्रू. तो बहुधा टायटॅनियम या धातूचा असतो आणि त्याला आटे असतात.

टायटॅनियम आणि हाड यांचे हे सख्य योगायोगाने सापडले. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून रक्तप्रवाहाचे निरीक्षण करत होते. प्रयोग संपल्यावर कुपी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. पुढे १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या इम्प्लांटचा पाया तोच आहे. मध्ये सिमेंट नाही, गोंद नाही, हाड थेट धातूला धरते.

इथेच आपल्या जन्मजात दातांशी एक मोठा फरक पडतो. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. हे तंतू तंबूच्या दोरांसारखे दाताच्या मुळात रुतलेले असतात. ते चावण्याचा धक्का झेलतात, काही बिघडले तर आपल्याला जाणवून देतात, आणि हिरडीलाही दाताशी घट्ट बांधून ठेवतात. इम्प्लांटला ही गादी नसते. हिरडीचे तंतू त्याच्या कडेने उभे जातात, त्यात रुतत नाहीत. त्यामुळे हिरडीच्या फटीतून जंतू खाली उतरू लागले, तर त्यांना अडवणारा बांध इम्प्लांटभोवती कच्चा असतो. आणि गादी नसल्यामुळे दुखण्याची सूचनाही उशिरा मिळते, कित्येकदा मिळतच नाही.

"दुखत नाही म्हणजे सगळे ठीक आहे" हा आपला घरगुती हिशेब इम्प्लांटला लागू पडत नाही, तो यामुळे.

थोडी झीज अपेक्षितच असते

एक्स-रेमध्ये हाड थोडे खाली दिसले की लगेच घाबरायचे कारण नाही. इम्प्लांट बसल्यावर आणि त्यावर कॅप येऊन चावणे सुरू झाल्यावर मानेजवळचे हाड स्वतःची मांडणी बदलते. नव्या घराच्या भिंतीला पहिल्या वर्षी बारीक भेग जाते आणि मग घर स्थिरावते, तसेच काहीसे. ही सुरुवातीची झीज साधारण पहिल्या वर्षात होते आणि थांबते.

किती झीज चालेल, याचे मोजमाप काळानुसार बदलत आले आहे. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वी इम्प्लांटचे निकष मांडले. त्यात पहिले वर्ष सोडून पुढे दर वर्षी ०.२ मि.मी.पेक्षा कमी झीज, ही अट होती. ती पुढे अनेक वर्षे जगभर वापरली गेली. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपातील हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून एक जागतिक कार्यशाळा घेतली आणि इम्प्लांटभोवतीच्या आजारांची नवी वर्गवारी ठरवली. सुरुवातीच्या स्थिरावण्यात होणारी झीज २ मि.मी.च्या आत असावी, आणि त्यानंतर हाड आणखी उतरू नये, असा तिचा सारांश आहे.

०.२ मि.मी. या आकड्याबद्दल एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जाड कागदाचे एखादे पान असते तेवढी ही जाडी. दोन वेगवेगळ्या वेळी काढलेल्या एक्स-रेंवर हाडाची पातळी मोजताना सरासरी अर्ध्या मि.मी.ची चूक सहज होऊ शकते. म्हणजे एका वर्षातली ०.२ मि.मी.ची झीज एक्स-रेवर खात्रीने दिसणारच नाही. पाच वर्षांत ती १ मि.मी. होते, तेव्हा दिसते. म्हणून हाडाची झीज एका भेटीत ठरत नसते, ती वर्षांच्या अंतराने केलेल्या तुलनेत ठरते. काकांच्या डॉक्टरांची अडचण नेमकी हीच होती.

झीज होते कशामुळे?

मुख्य कारण दातांवर जमतो तोच कीट. इम्प्लांटवरही तो जमतो. तो रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते आणि स्पर्शाने रक्त येते. आजार एवढ्यावरच असेल, म्हणजे फक्त हिरडीपुरता असेल आणि हाड शाबूत असेल, तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. नीट स्वच्छता झाली की तो बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाले तर काही जणांत सूज खाली उतरते आणि हाड जाऊ लागते. त्या अवस्थेला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. जुन्या पिढीला पायोरिया हा शब्द चांगला माहीत आहे. हा इम्प्लांटभोवतीचा पायोरिया समजावा.

हे दुर्मीळ नाही. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, इम्प्लांट असलेल्या दर शंभर जणांपैकी सरासरी ४३ जणांत म्युकोसायटिस आणि २२ जणांत पेरिइम्प्लांटायटिस आढळला होता. निरनिराळ्या पाहण्यांत व्याख्या निरनिराळ्या असल्यामुळे आकडे वरखाली होतात. तरी आजार आपल्या ओळखीच्या माणसांत असणार, एवढे त्यावरून नक्की कळते.

कोणाला धोका जास्त? तीन गोष्टींबद्दल पुरावा भक्कम आहे. आधी पायोरियामुळे दात गेलेले असणे, रोजची स्वच्छता नीट नसणे, आणि नियमित तपासणीला न जाणे. पहिली गोष्ट आपल्या हातात राहिलेली नसते, पण दुसरी आणि तिसरी पूर्णपणे असते. तंबाखू आणि मधुमेह यांच्याबाबत सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण दोन्हींमुळे हिरड्यांचे आजार वाढतात हे जुनेच ज्ञान आहे, तेव्हा पान-तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडणे आणि साखर ताब्यात ठेवणे शहाणपणाचे. जेवणानंतरच्या गोडाबद्दल आम्ही इंदूरकरांनी काय बोलावे!

याखेरीज काही कारणे बसवण्याशी निगडित असतात. कॅप सिमेंटने चिकटवताना थोडे सिमेंट हिरडीखाली राहून गेले, तर तिथे सूज धरते. कॅपचा आकार असा असेल की खाली ब्रश पोहोचतच नाही, तर स्वच्छता करणार कशी? अशा गोष्टी तपासणीत सापडतात आणि बहुतेकदा दुरुस्तही होतात.

डॉक्टर तपासतात ते काय?

तपासणीचे चार भाग असतात. एक्स-रे हा त्यातला शेवटचा.

पहिला भाग नुसते पाहणे. हिरडीचा रंग, सूज, दाबल्यावर पू येतो का, कीट कुठे साचला आहे.

दुसरा भाग खोली मोजणे. खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीत हलकेच सरकवतात. याला प्रोबिंग म्हणतात. इम्प्लांटच्या चारही बाजूंनी, बहुधा सहा ठिकाणी मोजतात. "सळई घातल्याने इम्प्लांट सैल होईल" अशी भीती बैठकीत दोघींनी बोलून दाखवली. तसे होत नाही. यासाठी लावायचा जोर साधारण २५ ग्रॅम वजनाइतका, म्हणजे अगदी हलका असतो. ही मोजणी टाळणे मात्र महागात पडू शकते, कारण आजाराची पहिली खूण इथेच मिळते. सळई काढल्यावर रक्त येते का, ते पाहतात. एखादा बारीक ठिपका दिसला तर तो सळईच्या स्पर्शाचाही असू शकतो. रक्ताची रेघ उमटली किंवा थेंब जमला तर सूज आहे असे समजतात.

खोलीचा नुसता आकडा फारसा बोलत नाही. कोणाची हिरडी मुळातच जाड असते, कोणाचे इम्प्लांट थोडे खोल बसवलेले असते. अशा ठिकाणी ५ मि.मी. खोलीही निरोगी असू शकते. पण सुरुवातीला ३ असलेली खोली आज ६ झाली असेल, तर काहीतरी घडते आहे. इथेही तुलनाच महत्त्वाची.

तिसरा भाग हलते का ते पाहणे. पुष्कळांना वाटते की हलत नाही म्हणजे हाड चांगले. वास्तविक इम्प्लांट हाडात पक्के असेपर्यंत हलतच नाही, मग निम्मे हाड गेलेले का असेना. स्क्रू स्वतः हलू लागला तर हाडाची पकड पूर्ण सुटली, असा त्याचा अर्थ होतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. मात्र नुसती कॅप किंवा आतला छोटा स्क्रू सैल झाला तरी दात हलल्यासारखा वाटतो, आणि ते बहुधा सहज दुरुस्त होते. म्हणून हलते असे वाटले तर घाबरून घरी बसू नये, लगेच दाखवावे.

चौथा भाग एक्स-रे. त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

एक्स-रे कसा वाचतात?

इम्प्लांटसाठी सर्वांत उपयोगाचा असतो तो तोंडात छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेला साधा एक्स-रे. फिल्म इम्प्लांटला समांतर राहावी म्हणून ती एका धारकात बसवतात आणि आपल्याला तो धारक दातांनी धरायला सांगतात. थोडे अवघडल्यासारखे होते, पण मोजणीचा खरेपणा त्यावरच टिकतो. एक्स-रे नीट आला आहे की नाही, हे आपणही ओळखू शकतो. स्क्रूचे आटे दोन्ही कडांना करवतीच्या दात्यांसारखे स्पष्ट दिसले पाहिजेत. आटे एकमेकांत मिसळून पुसट दिसत असतील तर कोन चुकला आहे, आणि त्यावरची मोजणी भरवशाची नाही.

मोजणी सोपी आहे. इम्प्लांटच्या वरच्या कडेपासून खाली, जिथे हाड प्रथम इम्प्लांटला टेकते तिथपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. पण एक्स-रेवर प्रतिमा थोडी मोठी होते. ती किती मोठी झाली, हे कळण्यासाठी इम्प्लांटचाच मापपट्टीसारखा उपयोग करतात. समजा, इम्प्लांट खरोखर १० मि.मी. लांबीचे आहे आणि एक्स-रेवर ते ११ मि.मी. भरते. मग एक्स-रेवर ३.३ मि.मी. दिसणारी हाडाची पातळी प्रत्यक्षात ३ मि.मी. आहे. दोन आट्यांमधले अंतर ठाऊक असेल तर हाडाबाहेर आलेले आटे मोजूनही हिशेब करता येतो. पण लांबी आणि आट्यांचे अंतर कंपनीनुसार बदलते. म्हणूनच काकांना "कोणत्या कंपनीचे?" असे विचारले गेले.

या एक्स-रेची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. तो इम्प्लांटच्या फक्त दोन कडा दाखवतो, शेजारच्या दातांकडच्या. गालाकडचे आणि जिभेकडचे हाड इम्प्लांटच्या पुढेमागे झाकले जाते. तिथली झीज एक्स-रेत दिसत नाही, सळईने मोजताना कळते. म्हणून "एक्स-रे चांगला आहे, मग सळईची काय गरज?" हा प्रश्न गैरलागू ठरतो. दोन्ही लागतात.

पूर्ण जबड्याचा ओपीजी एकदम सगळे दाखवतो, पण त्यात प्रतिमा सगळीकडे सारखी मोठी होत नाही आणि पुढच्या दातांवर मानेच्या मणक्यांची सावली येते. ढोबळ पाहणीला तो ठीक, मि.मी.च्या हिशेबाला नाही. सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन गालाकडचे हाडही दाखवतो, मात्र धातूमुळे इम्प्लांटच्या अगदी लगत पांढऱ्या-काळ्या रेषा उठतात आणि पातळ हाड नीट कळत नाही. त्यात किरणोत्सारही जास्त. त्यामुळे तो दर तपासणीला काढायचा नसतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल किंवा काही शंका असेल तेव्हा डॉक्टर सांगतात.

छोट्या एक्स-रेची भीती मात्र बाळगू नये. निसर्गातून आपल्याला एका दिवसात सहज जेवढा किरणोत्सार मिळतो, साधारण तेवढा किंवा त्याहून कमी त्यातून मिळतो.

आजचा एक्स-रे सारखा, पण गोष्ट वेगळी

समजा, दोन सभासद आहेत. दोघांची इम्प्लांट सात वर्षांची, आणि दोघांच्याही आजच्या एक्स-रेत हाड १.७ मि.मी. खाली आहे.

पहिल्यांच्या जुन्या नोंदी सांगतात की एका वर्षानंतर हाड १.५ मि.मी.वर होते. सहा वर्षांत फरक ०.२ मि.मी.चा, म्हणजे मोजणीच्या चुकीपेक्षाही कमी. खोली पूर्वीइतकीच, रक्त येत नाही. हे इम्प्लांट निरोगी आहे. सुरुवातीची झीज झाली आणि थांबली.

दुसऱ्यांच्या नोंदी सांगतात की एका वर्षानंतर हाड ०.३ मि.मी.वर होते, चार वर्षांनी ०.५ वर, आणि आज १.७ वर. खोली ३ वरून ६ झाली आहे आणि सळई काढताच रक्त येते. हा पेरिइम्प्लांटायटिस आहे, आणि वेळेवर सापडला आहे. शेवटच्या तीन वर्षांत वेग वाढला, हेही त्यातून कळते. या आजाराची चाल बहुधा अशीच असते. सुरुवातीला सावकाश, पुढे झपाट्याने.

दोघांचा आजचा एक्स-रे शेजारी शेजारी ठेवला तर फरक ओळखता येणार नाही. फरक आहे तो जुन्या कागदात.

आता जुने कागद नसतील तर काय? २०१७ च्या कार्यशाळेने त्यासाठीही नियम सांगितला आहे. जुन्या नोंदी नसताना पेरिइम्प्लांटायटिस म्हणायचे तर रक्त किंवा पू येणे, खोली ६ मि.मी. किंवा जास्त असणे, आणि हाड ३ मि.मी. किंवा त्याहून खाली असणे, अशा तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. अट अशी कडक आहे, कारण एकाच एक्स-रेवरून निरोगी माणसाला आजारी ठरवायचे नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहा. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या सभासदांकडे नोंदी नसत्या, तर १.७ मि.मी.ला आजार नक्की म्हणता आला नसता. खात्रीने नाव द्यायला हाड ३ मि.मी.पर्यंत जावे लागले असते. पहिल्या एक्स-रेची किंमत किती, तर एवढी: एक मि.मी.हून अधिक हाड. १० मि.मी.च्या इम्प्लांटला ते थोडके नाही.

झीज सापडली तर पुढे काय?

फक्त हिरडीची सूज असेल तर दवाखान्यात खोलवर सफाई आणि घरी रोजची नीट स्वच्छता, एवढ्याने बहुतेकदा काम होते. हाड गेले असेल तरी सुरुवात सफाईनेच होते. कॅपचा आकार अडचणीचा असेल तर ती बदलतात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून सूज हटली नसेल तर हिरडी उघडून इम्प्लांटचा पृष्ठभाग साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवतात. काही ठिकाणी कृत्रिम हाडाची भर घालता येते, पण गेलेले हाड पूर्ववत आणणे कठीण असते. उपचाराचा पहिला उद्देश असतो, जे आहे ते टिकवणे. फारच हाड गेले असेल तर इम्प्लांट काढावे लागते. म्हणूनच लवकर कळण्याला महत्त्व.

घरी ठेवायच्या फाइलमध्ये काय असावे?

१. इम्प्लांटचे कार्ड किंवा स्टिकर. त्यावर कंपनी, प्रकार, लांबी, व्यास आणि बॅच क्रमांक असतो. दिले नसेल तर मागून घ्यावे.

२. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे आणि त्याच दिवशी मोजलेली खोली.

३. एका वर्षानंतरचा एक्स-रे. हाड स्थिरावल्यानंतरची हीच खरी तुलनेची पातळी.

४. त्यापुढच्या प्रत्येक तपासणीची तारीख, खोलीचे आकडे आणि रक्त आले की नाही याची नोंद.

५. कॅप स्क्रूने बसवली की सिमेंटने, हे एका ओळीत लिहून घ्यावे. पुढे दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना ती काढायची झाली तर उपयोगी पडते.

एक विनंती विशेष आहे. पुष्कळ जण एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढून घेतात आणि तोच व्हॉट्सअॅपवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. तिरका धरलेला फोटो मोजणीच्या कामाचा राहत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर त्याची स्पष्टताही कमी होते. दवाखान्याकडून मूळ डिजिटल फाइल ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर मागावी. ती एक आपल्याकडे आणि एक मुलांकडे राहू द्यावी.

रोजची काळजी

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून घासायचे नाही असे नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेशी घासावे. कॅपच्या बाजूच्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज एकदा फिरवावा. त्याचे योग्य माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि आरशासमोर एकदा करून दाखवायला सांगावे. ज्यांची बोटे संधिवातामुळे आखडतात त्यांना जाड मुठीचा किंवा बॅटरीवर चालणारा ब्रश सोपा जातो. घरातल्या वयोवृद्धांना हे जमत नसेल तर सुना-मुलांनी, नातवंडांनी मदत करावी. तपासणी किती महिन्यांनी, हे डॉक्टर ठरवतील. सहा महिन्यांनी एकदा हा पुष्कळांसाठी सोयीचा क्रम असतो. ज्यांचे दात पायोरियाने गेले त्यांना बहुधा त्याहून लवकर बोलावतात.

काकांचे काय झाले?

त्यांच्या इम्प्लांटभोवती खोली ४ मि.मी. निघाली, एका ठिकाणी थोडे रक्त आले, पू नव्हता. डॉक्टरांनी सफाई केली, छोटा ब्रश वापरायला शिकवला आणि धारक वापरून नवा एक्स-रे काढला. "आजपासून हाच आपला पहिला एक्स-रे समजू," असे म्हणून त्यांनी त्याच्यावर तारीख घातली. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा रक्त येणे थांबले होते. हाड उतरते आहे की स्थिर आहे, हे पुढच्या वर्षीचा एक्स-रे सांगेल. सात वर्षांपूर्वीचा एक्स-रे असता तर उत्तर त्याच दिवशी मिळाले असते.

त्यामुळे ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी ते शोधून एकत्र करावेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी इम्प्लांट बसवलेल्या दवाखान्याला एक फोन करून पाहावा, कित्येक ठिकाणी जुनी फाइल संगणकात सापडते. तिथेही नसेल तर पुढच्या तपासणीला नवा एक्स-रे काढून त्यावर तारीख घालून घ्यावी. घराची रजिस्ट्री, पेन्शनचे कागद आणि मुलांच्या पत्रिका आपण ज्या कपाटात इतक्या निगुतीने ठेवतो, त्याच कपाटात या एका पातळ फाइलला जागा मिळावी, एवढेच आमचे सर्व सभासदांना सांगणे आहे.